दगडापेक्षा वीट

येळवशीला पुण्याचे रस्ते थोडे मोकळे होत असावेत, अशी माझी एक खासगी समजूत आहे. पंचांगातली वेळा अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. लातूर-धाराशिवकडचा माणूस दिवाळीला आला नाही तरी त्याला कुणी बोलत नाही, पण मार्गशीर्षातल्या या अमावस्येला तो रानात हवा. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावून मांडलेले पांडव, मडक्यातली अंबिल, भज्जी, उंडे, आणि जेवण अंगावर आलं की बाभळीच्या सावलीत आडवं होणं.

माझा चुलत भाऊही दरवर्षी येतो. या खेपेला मात्र तो भज्जीसाठी आला नव्हता. काकूला, म्हणजे त्याच्या आईला, पुण्याला न्यायला आला होता. सातव्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट आहे, दवाखाना समोरच्या गल्लीत, नात शाळेतून आली की दार उघडायला घरात कुणीतरी हवं. काकू म्हणाली, "मला न्हाई यायचं." कामून म्हणून विचारलं तर म्हणाली, "न्हाई म्हंजे न्हाई," आणि उंडे वाढायला लागली.

मी इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात जादा तासाला मुलांना जेम्स जॉइसची 'एव्हलिन' ही गोष्ट सांगत होते, पुस्तक पिशवीत होतं. जेवणं झाल्यावर मी ते काढलं तशी भावानं विचारलं, "काय वाचतीस, अक्का?" मग मी गोष्ट सांगितली. काकूवरून जो वाद घालायचा होता तो काकूसमोर घालता येत नव्हता. म्हणून आम्ही तो त्या आयरिश पोरीवरून घातला, असं आता वाटतं. काकू कोपीच्या दाराशी डोईखाली हात घेऊन पडली होती. झोपली असेल असं आम्ही धरून चाललो.

गोष्ट चार-पाच पानांची आहे. १९०४ साली डब्लिनच्या एका साप्ताहिकात ती पहिल्यांदा छापली गेली, पुढं १९१४ साली 'डब्लिनर्स' या संग्रहात आली. एव्हलिन १९ वर्षांची. आई वारलेली, एक भाऊ वारलेला, दुसरा कामासाठी बाहेरगावी. ती दुकानात राबून आठवड्याला सात शिलिंग मिळवते आणि ते सगळे बापाच्या हातावर ठेवते. शनिवारी बाजारासाठी त्यातलेच पैसे मागितले की बाप म्हणतो, तू उधळी. बाप पितो. हिच्यावर अजून हात टाकलेला नाही, पण हल्ली धमकावतो. शिवाय दोन लहानग्यांना जेवूखाऊ घालून शाळेत पाठवायचं काम हिच्याकडं. आईला शब्द दिलेला आहे की जमेल तोवर घर मोडू देणार नाही. अशात फ्रँक नावाचा खलाशी भेटतो. ब्युनोस आयर्सला माझं घर आहे, लग्न करू, चल म्हणतो. बोटीत जागा धरली जाते. संध्याकाळी ती खिडकीशी बसलेली आहे. मांडीवर दोन चिठ्ठ्या, एक भावाला आणि एक बापाला. मग ती धक्क्यावर जाते. भोंगा वाजतो आणि ती लोखंडी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरते. फ्रँक पुढं गेलेला, हाका मारतोय. ती जात नाही. तिच्या तोंडावर ना प्रेम, ना निरोप, ना ओळख. गोष्ट तिथंच संपते.

"भित्री," भाऊ म्हणाला.

"माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हेच लिहिलंय."

"मग बरोबर लिहिलंय."

"एका पोरीनं काय लिहिलं सांगू? 'त्या रात्री तिच्या बापाला जेवायला कोण घालणार?' तिला मी दहापैकी नऊ दिले."

"एक कशाचा कापला?"

"प्रश्न इंग्रजीत होता, उत्तर मराठीत होतं."

तो हसला, पण मुद्दा सोडला नाही. "अक्का, ती बापासाठी थांबली असती ना, तर मी तिच्या पाया पडलो असतो. ती बापासाठी थांबत नाही. ती थिजते. थिजण्याला निवड म्हणत नाहीत. आणि त्याच्या आधीचं बघ. सोडायची वेळ आली तसं तिला ते जिणं एवढं काही वाईट वाटेनासं होतं. बाप एकदा आजारपणात उशाशी बसून भुताची गोष्ट वाचतो, टोस्ट भाजून देतो. एकदा सहलीला आईची टोपी घालून पोरांना हसवतो. वर्षावर्षांच्या जाचासमोर हे दोन टोस्ट! आणि पोरगी तेच धरून बसते."

"जाच सहन करणारं माणूस हिशेब असाच करतं. रोजचा त्रास रोज खर्ची पडतो. टोस्ट शिल्लक राहतो."

"म्हणजे हिशेब चुकीचाच."

"चुकीचा असेल. पण तिचा तिनं केलेला आहे."

तो उठून बसला. "हे बघ. ओळखीचं ते बरं, असं जगात कुणीही म्हणावं. सास्तूरच्या माणसानं म्हणू नये. आपल्याला कुणी मारलं? परक्यानं? आपल्या वाड्यानं मारलं. पणज्यानं बांधलेल्या."

यावर मला लगेच बोलता येईना. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव उशिरा निजलेलं, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नाव किल्लारीचं झालं, पण तेरणेच्या आसपासची कितीतरी गावं त्या एकाच झोपेत गेली. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेलं आमचं सास्तूर त्यातलंच. सरकारी आकडा ७,९२८ माणसांचा आहे. एवढ्या ताकदीचे भूकंप जगात होत असतात, पण सगळीकडं एवढी माणसं मरत नाहीत. इथं मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांत गुंतवणारा आरपार दगड कुठं नाही. वर लाकडी तुळया आणि तुळयांवर माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना काढायची पद्धत नव्हती. आज्याच्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर लेकाची. घर उन्हाळ्यात गार राहायचं, थंडीत ऊबदार, आणि डोक्यावरचं ओझं दरसाल वाढायचं.

"तुझी एव्हलिनही तेच करते," भाऊ म्हणाला. "दर आठवड्याला तीच धूळ पुसते आणि विचार करते, ही धूळ येते तरी कुठून."

"ती पुसत होती. आपण टाकत होतो."

"तेच. तिच्यापेक्षा आपण पुढचे. आणि सूचना मिळाली नव्हती असंही नाही."

नव्हतं खरंच. १९९२च्या ऑगस्टपासून त्या पट्ट्यात हादरे चालू होते. ऑक्टोबरात एक बराच मोठा बसला. मी तेव्हा १६ वर्षांची. आम्ही काही रात्री अंगणात निजलो. मग थंडी पडली आणि एकेक अंथरूण आत गेलं. पुढं भांडी वाजली तरी बायका शिळोप्याच्या गप्पा न थांबवता म्हणायच्या, "आलं बघ." हादऱ्याशीही आमची ओळख झाली होती. देशाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमध्ये होता. २००२ साली नकाशा सुधारला तेव्हा तो झोन एक हा प्रकारच काढून टाकला. म्हणजे बिनधोक म्हणून जे सांगितलेलं होतं ते नंतर कागदावरही उरलं नाही.

"आता सांग," भाऊ म्हणाला, "त्या कठड्याला धरून राहणारी पोरगी आणि हादरे बसत असताना माळवदाखाली परत जाणारे आपण, यात फरक काय?"

"फरक हा, की तिच्यासमोर बोट उभी होती. आपल्यासमोर काय होतं? अंगणात थंडी. ज्याला दुसरं घरच नाही त्यानं जुनं घर 'निवडलं' असं कसं म्हणशील? हा शब्द फार सढळ हातानं वापरतात लोक. गरिबाच्या बाबतीत जास्तच."

मी त्याला 'सखाराम बाइंडर'मधली लक्ष्मी आठवून दिली. तेंडुलकरांचं हे नाटक १९७२चं. सखारामच्या घरात राबून, मार खाऊन लक्ष्मी एकदा निघते, अमळनेरला भाच्याकडं जाते. तिथं तिच्यावर चोरीचा आळ येतो, घराबाहेर काढतात आणि ती परत सखारामच्याच दारात येऊन उभी राहते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिचा राग आला होता. आता येत नाही. ती नवीन जागा बघून आली आहे. तिथं मारणारा सखाराम नव्हता, सभ्य संसारी माणसं होती, आणि त्यांनीच तिला हाकललं. सखाराम काय आहे ते निदान तिला पाठ आहे.

"हो, पण तेंडुलकरांचीच दुसरी घे की," भाऊ म्हणाला. तो पुण्यात सगळी नाटकं बघतो, आणि मी बघत नाही हे मला ऐकवायला त्याला आवडतं. "'कन्यादान'मधली ज्योती. शिकलेली, समाजवादी घरातली, आईबाप दोघं सांगतायत ये, दार उघडं आहे. नवरा मारतो. आणि ती बापालाच सुनावून त्या नवऱ्याकडं परत जाते. तिला काय झोपायला जागा नव्हती?"

१९८३चं नाटक. तेंडुलकरांना सरस्वती सन्मान मिळाला तो याच नाटकासाठी आणि १९९३ या वर्षाचा, हे मला वर्गात सांगावं लागतं. सांगताना जीभ दर वेळी त्या सालावर अडखळते.

"ज्योतीची गोष्ट उलटी आहे," मी म्हणाले. "तिच्या ओळखीचं काय होतं? बापाचं सुरक्षित घर. ते ती नाकारते. का, तर बापानंच शिकवलं की माणसाकडं पाठ फिरवायची नाही. आता परतीचा रस्ता त्याच शिकवणीनं बंद केलाय, असं ती त्याच्या तोंडावर म्हणते. ती नवऱ्याचा मार निवडत नाही. आपण ज्याला पुरे पडू शकतो असं तिला वाटतं ते ती निवडते. चूक असेल, मला तर ती चूकच वाटते. पण बाईला जिथं आपण 'कर्त्या' आहोत असं वाटतं ती जागा ती सहजासहजी सोडत नाही. एव्हलिन त्या घरात कोण आहे? बाजार ती आणते, पोरांची शाळा ती बघते, बापाचा राग कधी चढतो, कधी उतरतो ते तिला कळतं. तिकडं ब्युनोस आयर्सला ती कोण असणार होती? फ्रँकनं सजवून ठेवलेल्या घरात येऊन बसलेली बायको."

"लग्न झालं म्हणजे लोक मान देतील, असं तिलाच वाटतं ना?"

"वाटतं. पण त्या घराचा एकही कोपरा तिला माहीत नाही. जे सांगितलं ते फ्रँकनं सांगितलं. ह्यू केनर नावाच्या समीक्षकानं तर म्हटलंय की तिथल्या धक्क्यावरून सुटणारी बोट ब्युनोस आयर्सला नाही, लिव्हरपूलला जायची. म्हणजे फ्रँक कोण होता, घर होतं का नव्हतं, देव जाणे."

"लिव्हरपूल तर लिव्हरपूल!" भाऊ जवळजवळ ओरडला. "तिथं दुकानं नव्हती का काम करायला? सात शिलिंग तिथंही मिळाले असते, आणि ते मागायला बाप नसता. अक्का, तू फ्रँकच्या खोटेपणावर तिला सोडवतेस. पण तिला कुठं माहीत होतं तो खोटा आहे? ती संशयानं थांबत नाही. तिला मुळात आपलं भलं होईल हेच झेपत नाही. हॅम्लेट तरी वेगळं काय म्हणतो? पलीकडं काय आहे ते ठाऊक नाही म्हणून माणसं अलीकडचं सोसत बसतात. आणि तो ते कौतुकानं म्हणत नाही."

हॅम्लेट निघाला की मला आगरकर आठवतात. 'विकारविलसित' या नावानं त्यांनी १८८३ साली तो मराठीत आणला. तेव्हा ते २६-२७ वर्षांचे असतील. एम.ए. होऊनही त्यांनी सरकारी नोकरी धरली नव्हती, जेमतेम पगारात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला राहिले होते. अनोळखी हाल पत्करलेला माणूस ओळखीच्या हालांचं समर्थन करणारी वाक्यं भाषांतरित करत बसलेला, हे चित्र मला फार आवडतं. पण हे मी भावाला सांगितलं नाही, कारण मुद्दा त्याच्याच बाजूनं पडला असता.

मी दुसरीकडं वळले. "तुला त्या गोष्टीतला बेलफास्टचा माणूस आठवतो का? आत्ताच सांगितला नाही मी, पण आहे. एव्हलिन लहान असताना घरासमोर मोकळं रान होतं, गल्लीतली पोरं तिथं खेळायची. मग बेलफास्टच्या एका माणसानं ते घेतलं आणि घरं बांधली. त्यांच्या जुन्या तपकिरी घरांसारखी नव्हे. लखलखीत विटांची, चकचकीत छपरांची."

भावानं गावाच्या दिशेला बघितलं. मी काय म्हणणार ते त्याला कळलं.

भूकंपानंतर ज्या गावांची पार माती झाली अशी ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. जागतिक बँकेचा पैसा होता, संस्था होत्या, इंजिनिअर होते. घराचं माप जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते फूटपट्टीनं आखलेले, घरं ओळीत, दोन घरांत अंतर. 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकलो होतो. तिचा असा उपयोग होईल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. भिंती मऊ झाल्या, मान्य. पण २५० फुटांत बैल कुठं, कडबा कुठं, चूल कुठं, न्हाणी कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं. मग लोकांनी घरापुढं पत्रे ठोकले, कूड घातले, कितीक ठिकाणी जुन्या गावठाणातनं दगड आणून आडोसे रचले.

"हे बघून बाहेरचे लोक म्हणायचे, या लोकांना नवीन काही पचतच नाही," मी म्हणाले. "त्यांना नवीन नको नव्हतं. दुसऱ्यानं काढलेलं नवीन नको होतं."

"आणि तेच दगड पुन्हा रचले," भाऊ शांतपणे म्हणाला. "ज्यांनी मारलं तेच. अक्का, हे तू आत्ता स्वतः म्हणालीस."

म्हणाले होते खरं. उत्तर माझ्याकडं नव्हतं, अजूनही नाही. कुणाच्या तरी हातानं आखलेलं भविष्य नाकारणं मला समजतं. ते नाकारताना हात पुन्हा त्याच दगडाकडं जावा, हे मला समजत नाही, आणि तो माझाही हात आहे.

काकूचं घर त्या योजनेतलंच. त्यात ती सोयाबीनची पोती ठेवते आणि स्वतः शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये निजते. तीस वर्षं उलटून गेली. एप्रिल-मेमध्ये तो पत्रा तव्यासारखा तापतो. भाऊ दरवर्षी कूलर आणायचं काढतो. काकूचं म्हणणं एवढंच, की पत्रा पडला तर डोकं फुटंल, जीव जाणार नाही. आदल्या रात्री त्यानं फ्लॅटचे फोटो दाखवले तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता. "तू सातव्यावर. तुझ्यावर किती हाईत?" तो म्हणाला, "पाच मजले आहेत, माय, पण ती बिल्डिंग भूकंपरोधक आहे, सगळं आरसीसी आहे." काकू म्हणाली, "आपुनबी नकाशात चांगल्या जाग्यालाच हुतो."

हे त्याला लागलं होतं. त्यामुळंच त्या दुपारी तो एव्हलिनवर एवढा तुटून पडत होता.

"तुला वाटतं मी गेलो म्हणून मला जाणाऱ्यांचा पुळका आहे," तो थोड्या वेळानं म्हणाला.

मला तसंच वाटत होतं. भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं या भागातली सुमारे १,२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. त्यात तो होता. नऊ वर्षांचा. त्याचे वडील, माझे काका, वाड्यात गेले. काकूनं एका महिन्याच्या आत नवरा मातीला दिला आणि पोरगा पुण्याच्या गाडीत बसवला. तो शिकला, नोकरीला लागला, सातव्या मजल्यावर पोचला. आमच्या घरात त्याचं उदाहरण देतात.

"मला कुणी विचारलं होतं?" तो म्हणाला. "मी निवडलं नाही, अक्का. मला गाडीत बसवलं. मी तर एसटीच्या दांड्याला धरून बसलो होतो. मायनं एकेक बोट सोडवलं. एव्हलिनचं कुणी सोडवलं नाही, एवढाच फरक. म्हणून मला तिचा राग येतो. म्हणजे तिचा नाही…"

तो पुढं बोलला नाही. मीही बोलले नाही. मी तेव्हा १७ वर्षांची, माझी आजी सोलापूरच्या दवाखान्यात पाय मोडून पडलेली, घरात दोन धाकटी भावंडं. पुढं शिकायला बाहेर जायचं पुष्कळदा निघालं आणि पुष्कळदा राहिलं. लोक म्हणतात, पोरीनं घरासाठी केलं. मीही तसंच सांगते. ते खोटं नाही. पण धाकटी दोघं मार्गी लागल्यावर, आजी गेल्यावर, एका मोठ्या शहरातल्या कॉलेजातून मला बोलावणं आलं होतं. तेव्हा घरात अडवायला कोण होतं? मी दोन आठवडे विचार केला आणि इथलाच वर्ग घेतला. इथं मला माहीत आहे की कुठल्या पोरीला एसटी चुकली की घरी काय ऐकावं लागतं. हे ज्ञान दुसऱ्या कुठल्या गावात उपयोगाचं नाही. हे मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"म्हणजे भीतीच," तो म्हणाला, पण आवाज मऊ होता.

"थोडी भीती. थोडा जम. कुठली किती, ते मलाही वेगळं काढता येत नाही. एव्हलिनच्या घरात भिंतीवर एका पाद्र्याचा पिवळा पडलेला फोटो आहे. बापाचा शाळेतला मित्र. इतक्या वर्षांत तिला त्याचं नाव कळलेलं नाही. कुणी पाहुणा आला की बाप फोटो दाखवून म्हणतो, हा आता मेलबर्नला असतो. गेलेल्या माणसाचं घरात एवढं उरतं. मला ते नको होतं."

"माझा फोटो आहे ना तुमच्या भिंतीवर."

"आहे. आणि पाहुण्यांना आम्ही तेच सांगतो, हा पुण्याला असतो."

तो मोठ्यानं हसला. त्या आवाजानं की काय, काकू उठून बसली. पदर सारखा केला, मडक्यात हात घालून अंबिल किती राहिली ते बघितलं. झोपली नव्हतीच ती.

"त्या पोरीनं चिठ्ठ्या लिवल्या हुत्या म्हणलीस न्हवं?" तिनं मला विचारलं.

"हो काकू. दोन."

"एक बापाला?"

"हो."

"ती घरी ठिवून गेली का संगं न्हेली?"

मी पुस्तक उघडलं. खिडकीपाशी चिठ्ठ्या तिच्या मांडीवर आहेत, बाहेर अंधार पडतोय आणि कागदाचा पांढरेपणा दिसेनासा होतोय. पुढं ती दचकून उठते आणि त्यानंतर थेट धक्क्यावर, गर्दीत. मधल्या वाटेबद्दल एक ओळ नाही. मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. वीस वर्षं ही गोष्ट शिकवते आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीही स्वतःला विचारला नव्हता.

"लिहिलेलं नाही, काकू."

"आसं कसं लिवलं न्हाई? समदं त्येच्यावर हाय की." ती भावाकडं वळली. "संगं न्हेली आसंल तर गपचिप घरी जाऊन भाकरी टाकील, कुणाला कळणारबी न्हाई. पर चिठ्ठी घरी आसंल तर बापानं वाचली आसंल. मग ती ज्या घरात परत गेली ते त्येच घर ऱ्हायलं का?"

भावानं फोन काढला आणि गोष्ट शोधायला लागला, जणू माझ्या पुस्तकात एखादी ओळ गळली असेल. रेंज येत नव्हती. तो बांधावर चढून फोन वर धरून उभा राहिला. काकूनं अंबिलीचं मडकं फडक्यानं बांधलं, भज्जी डब्यात भरली, त्याच्या पिशवीत नीट उभी ठेवली.

"माय," तो बांधावरनं म्हणाला, "तिचं जाऊ दे. तू येतीस का नाही तेवढं सांग."

"तिच्या चिठ्ठीचं कळू दे आधी," काकू म्हणाली.